नुसत्या आकारात गाणं: रियाज की मैफल?

फोंड्याची आई:
माझी मुलगी इथे फोंड्यात जयपूर गायकी शिकते आणि शनिवारी मडगावला पाश्चात्त्य गाणं. तिथल्या बाईंनी इटालियन संगीतकार कोंकोनेच्या गायनाच्या 50 धड्यांपैकी पहिला दिलाय. शब्द नाहीत, पियानोबरोबर सगळं 'आ'वर. इकडे गुरुजीही सकाळी आकारच, म्हणजे नुसतं 'आ'वरचं गाणं, घोटून घेतात. पोर कंटाळलीय, "खरं गाणं कधी?" म्हणते. बिनशब्दांचं गाणं गळा तयार करण्यापुरतंच असतं का? आणि दोन्हीकडचे 'आ' वेगळे लागतात, त्याचं काय करावं?

म्हार्दोळचा मास्तर:
ताई, तिचं खरं गाणं सुरू झालंय, हे तिला आजच सांगा. शब्द असले की 'त', 'क' अशा व्यंजनांवर आवाज क्षणभर अडतो आणि तेवढ्यात सूर सावरून घेता येतो. आकारात ती सोय नाही. गंधारावरून पंचमावर जाताना मधे काय झालं, ते सगळं ऐकू येतं. म्हणून मी मुलांना आधी तंबोऱ्यावर एकेक सूर पूर्ण श्वासभर धरायला लावतो.

आणि मैफलीचं म्हणाल, तर आपल्या केरीच्या गायिका केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ऐकवा. दोघी जयपूर गायकीच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. बंदिशीचे बोल मुखड्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याला, येतात, पण राग उभा राहतो तो आकाराच्या आलापांतून आणि तानांतून. 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलेली केसरबाईंची भैरवी तिच्यासोबत बसून ऐका. शब्द सुटून नुसता आकार सुरू होतो तिथे तिला थांबवून विचारा, काही कमी वाटलं का?

मडगाव कॉयर:
पाश्चात्त्य संगीतातही तसंच. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीतले शिक्षक हेटिक यांनी संगीतकारांकडून असे धडे मुद्दाम लिहून घेतले. फ्रेंच संगीतकार राव्हेलने 1907 साली हबानेरा या क्युबन नृत्याच्या ठेक्यावर एक दिला. होता अभ्यासासाठी, पण आज तो व्हायोलिन, चेलोवरही मैफलीत वाजतो. रशियन संगीतकार रखमानिनोव्हची 'व्होकलीज' (बिनशब्दांची गायनरचना) तर 1915 मध्ये सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, नेझ्दानोवासाठी पूर्ण झाली. तिच्यात एकही शब्द नाही, स्वरवर्णसुद्धा गायिकेनेच निवडायचा. लांबलचक ओळीत श्वास कुठे घ्यायचा, हीच त्यातली परीक्षा.

म्हार्दोळचा मास्तर:
दोन 'आ'बद्दल राहिलं. आमचा मोकळा, उघडा. तिकडे वरच्या पट्टीत तो जरा गोल करतात. एकाच बैठकीत मिसळू नका. सकाळी तंबोरा, संध्याकाळी पियानो. घसा खवखवला तर त्या दिवशी दोन्ही बंद, आणि दोन्ही शिक्षकांना एकमेकांबद्दल सांगून ठेवा.