पिक्सेल ९ए आत्ताच घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावं? (चर्चा २०२५ च्या उन्हाळ्यातली, भाव तेव्हाचे)

मांजलपूरकर:
माझा सध्याचा फोन २०२० चा. अपडेट येणं केव्हाच थांबलंय, दुपारी दोनला बॅटरी लाल होते आणि परवा बँकेच्या ॲपनेही जुन्या अँड्रॉइडवरून कुरकुर केली. तेव्हा फोन बदलायचा हे नक्की. वाद आहे तो कधी आणि कोणता याचाच.

गूगलचा पिक्सेल ९ए एप्रिलच्या मध्यापासून आपल्याकडे मिळू लागलाय. ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, ४९,९९९ रुपये. गेल्या मे महिन्यात याच्या आधीचा ८ए आला तेव्हा १२८ जीबीलाच ५२,९९९ मोजावे लागत होते. म्हणजे जागा दुप्पट आणि भाव तीन हजारांनी खाली. बॅटरीही ४४९२ वरून ५१०० एमएएच झालीय. वर सात वर्षं अपडेट, म्हणजे एप्रिल २०३२ पर्यंत चिंता नाही. मी म्हणतो आत्ताच घ्यावा. घरचे म्हणतात, पहिल्या महिन्यात फोन घेणारा स्वतःच्या पैशाने कंपनीचं टेस्टिंग करून देतो.

गेम खेळत नाही. फोटो, बँक, नकाशे आणि उन्हातान्हात स्कूटरवर फिरणं, एवढाच वापर. पन्नास हजारांच्या वर जाणार नाही. बोला.

खांच्यातला:
घरचे बरोबर बोलतायत. इथे वडोद्यात मरीमातेच्या खांच्यात, म्हणजे मोबाइलच्या बाजारात, रिपेरिंगचं काउंटर आहे माझं, त्यामुळे मला फोन दिसतो तो उघडलेलाच. नवं मॉडेल आलं की पहिले काही महिने त्याचं फोल्डर, म्हणजे काच, टच, डिस्प्ले सगळं एकत्र, बाजारात मिळत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात स्कूटरवरून सटकला की कंपनीच्या सेंटरशिवाय गती नाही, आणि तिथे सांगतील तो आकडा मुकाट द्यायचा. वर्षभरापूर्वीच्या मॉडेलचं फोल्डर, बॅक, चार्जिंगची पट्टी, सगळं सामान बाजारात पडून असतं.

स्क्रीनवर लावायच्या साध्या टेम्पर्ड काचेचं बघा. नव्या मॉडेलचं म्हणून पहिल्या लॉटमध्ये जे येतं ते बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलचं असतं. कडेला केसाएवढी फट राहते, आठवड्याभरात तिथे धूळ बसून पांढरी रेघ उठते आणि गिऱ्हाईक शिव्या मला घालतं.

आणि हो, याच ९एची घोषणा १९ मार्चला झाली तेव्हा गूगलने विक्री लगेच सुरू केली नव्हती. थोड्या नगांमध्ये एका पार्टच्या क्वालिटीचा घोळ निघाला होता. कोणता पार्ट, ते सांगितलं नाही. हे ऐकूनही तुम्हाला घाई असेल तर तुमची मर्जी.

गोरव्याची ताई:
खांच्यातले दादा, विक्रीआधी घोळ सापडला आणि माल रोखून धरला, ही तक्रार कशी होऊ शकते? न रोखता विकलं की काय होतं ते सॅमसंगच्या नोट ७ ने दाखवलंय. ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला, बॅटऱ्या पेटायला लागल्या, बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच गुंडाळावं लागलं.

मला दुसरंच सांगायचंय, कारण ते फार लोक लक्षात घेत नाहीत. अपडेटची सात वर्षं आपण बिल फाडलं त्या दिवसापासून मोजत नाहीत. मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात. ९एला एप्रिल २०३२, ८एला मे २०३१, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ला ऑक्टोबर २०३०. दिवाळीपर्यंत थांबलात तर सहा महिने वापराविना गेले. ४९,९९९ भागिले सात केलं तर वर्षाला ७,१४३ पडतात. ८एची सहा वर्षं उरलीत, म्हणजे तो ४२,८५८ च्या खाली मिळाला तरच स्वस्त म्हणायचा. नुसतं 'जुना आहे म्हणून स्वस्त' हे गणित चालत नाही.

दांडियाबाजारचे काका:
ताई, भागाकार सुरेख. पण सात वर्षं एक फोन वापरतो कोण? आमच्या वाड्यात सात वर्षं टिकलेली वस्तू एकच, पाटा-वरवंटा. पंधरा हजारांचा घ्यावा, तीन वर्षं वापरावा, फेकावा. माझ्या फोनवर व्हॉट्सॲप चालतं, यूपीआय चालतं, नातवाशी व्हिडिओ कॉल होतो. उरलेले पस्तीस हजार बँकेत ठेवा.

गोरव्याची ताई:
काका, प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच पाच वर्षं एक फोन ओढलाय की! आणि अपडेट थांबल्यावरही त्याच फोनवर यूपीआय चालवणं, हे तुम्हाला सुद्धा मी करू देणार नाही. शेवटचा सिक्युरिटी पॅच कधीचा आहे तेवढं सेटिंगमध्ये जाऊन बघाच.

खांच्यातला:
सात वर्षं, सात वर्षं! ताई, अपडेट सॉफ्टवेअरला मिळतात, बॅटरीच्या सेलला नाही.

या ९एमध्ये गूगलने 'बॅटरी हेल्थ असिस्टन्स' नावाची भानगड घातलीय. २०० चार्ज सायकल झाल्या की बॅटरी जास्तीत जास्त किती व्होल्टेजपर्यंत भरायची ती मर्यादा फोन टप्प्याटप्प्याने खाली आणायला लागतो, थेट १००० सायकलपर्यंत. म्हणजे तेवढा बॅकअप कमी. आधीच्या मॉडेलांत ही सोय बंद ठेवता येते, ९एपासून बंद करायचं बटणच नाही. रोजची एक सायकल धरा, दिवाळी उलटते न उलटते तोच कात्री लागली. ५१०० चा आकडा वाचून पैसे मोजले कोणी आणि कापणार कोण?

जानेवारीत पिक्सेल ४एवाल्यांचं काय झालं ते आठवा. एक अपडेट आला आणि कित्येकांची बॅटरी धाडकन उतरली. शेवटी गूगलवर बॅटरी बदलून द्यायची नाहीतर पैसे द्यायची वेळ आली. ही अपडेट आशीर्वाद म्हणून मोजताय तुम्ही.

फतेहगंज हॉस्टेल:
+१ खांच्यातले भाऊ. पन्नास हजारांत वनप्लस १३आर घ्या, ४२,९९९ पासून आहे. ६००० एमएएच, ८० वॉटचं चार्जिंग, चार्जर डब्यात. पिक्सेलवाले २३ वॉटवर तासन्‌तास भिंतीला टेकून बसतात आणि चार्जर वेगळा विकत घेतात. एवढंही नको असेल तर आयक्यू निओ १०आर २६,९९९ पासून आहे, ६४०० एमएएच. उरलेल्या पैशात वर्षभर शेवउसळ.

गोरव्याची ताई:
दादा, सायकल म्हणजे रोज केबल लावली की एक, असं नसतं. शंभर टक्के वापरून झाले की एक. आज पन्नास टक्के भरली, उद्या पन्नास, मिळून एक सायकल. माझ्यासारखीचा २०० चा आकडा वर्ष संपताना येईल. आणि जुना सेल रोज काठोकाठ भरत राहिलात की तो फुगतो, बॅक उचकटते. असे फोन तुमच्याच काउंटरवर येतात ना? ८एपासून पुढच्या मॉडेलांत १००० सायकलनंतरही ८० टक्के क्षमता राहावी, त्याआधीच्यांत ८०० पर्यंत, असं गूगलनेच छापलंय. व्होल्टेज थोडं कमी ठेवणं हा त्या हिशेबाचाच भाग. मला सकाळी सातला काढलेला फोन रात्री दहापर्यंत चालला की पुरे, शेवटचे पाच टक्के कंपनीने कापले तरी माझं काही अडत नाही.

खांच्यातला:
फुगलेल्या येतात, रोज येतात, नाही कशाला म्हणू. गेल्या आठवड्यात एक आला, मागचं झाकण इतकं वर आलेलं की आत नख जात होतं, आणि मालक म्हणतो कव्हर घट्ट झालंय बहुतेक! पण माझा आक्षेप काय आहे ते नीट वाचा. व्होल्टेज कमी करू नका असं मी म्हणत नाही. बटण द्या म्हणतो. फोन माझा, पैसे माझे. दोन वर्षांनी नवा सेल टाकायची माझी तयारी असेल तर तोवर मला पूर्ण बॅटरी वापरू द्या ना. ते ठरवणारे तुम्ही कोण?

गोरव्याची ताई:
खिशात पेटलेली बॅटरी पण मग तुमचीच म्हणायची का? तेव्हा मात्र सगळे कंपनीच्या नावाने बोंब मारतात. बटण द्यायला हवं होतं यावर मी अर्धी तुमच्या बाजूने आहे, पण त्यासाठी फोन सोडणार नाही.

कारेलीबागवाला:
स्कूटर आणि पाऊस निघालाच आहे म्हणून लिहितो. ९एला आयपी६८ आहे, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग, त्यावर फार विसंबू नका. गेल्या ऑगस्टात विश्वामित्री आमच्या सोसायटीत शिरली तेव्हा पार्किंगमधली गाडी ढकलताना माझा फोन गढूळ पाण्यात पडला. लगेच काढला. तोही आयपी६८ होता, दुसऱ्या कंपनीचा, नाव घेत नाही. सेंटरवाल्याने सिमचा ट्रे ओढला, आत टॉर्च मारला आणि छोटा पांढरा स्टिकर लाल झालेला दाखवला. 'लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.' संपलं. ते रेटिंग लॅबमधल्या स्वच्छ पाण्याचं असतं, आपल्या नदीच्या गाळाचं नाही. फोन पडला-झडला की जोडही सैल होतात. नवा घ्या नाहीतर जुना घ्या, पावसाळ्यात साधी प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवा.

मांजलपूरकर:
वाचतोय सगळं. मधल्या काळात सयाजीगंजला एका दुकानात हातात घेऊन पाहिला. दुकानदार म्हणाला, 'साहेब, आठमां जे छे ए ज नवमां छे' (आठमध्ये आहे तेच नऊमध्ये), आणि लगेच ८ए पुढे सरकवला. स्टॉक पडून असावा. हातात मात्र ९ए हलका लागला, आणि मागे कॅमेऱ्याचा उंचवटा जवळजवळ नाही, त्यामुळे टेबलावर डुगडुगत नाही. ही बाब फालतू वाटेल, मला मोठी वाटली.

बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. त्यात काही खोट आहे का?

हिशेबनीस:
आहे. 'नो-कॉस्ट' हे नाव. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम सुरुवातीला सूट म्हणून वजा करतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं.

आता त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो सूट देणारा भरत नाही, तुम्ही भरता. समजा बँकेचा दर १५ टक्के आहे. ४९,९९९ मध्ये व्याजाचा भाग साधारण ३,८०० चा निघतो, त्यावर जीएसटी सुमारे ६९०. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. मिळून सव्वानऊशेच्या आसपास. ताईंचा वर्षाला ७,१४३ चा हिशेब तिथेच थोडा हलला. आणि मुख्य म्हणजे एकरकमी कार्डावर जो कॅशबॅक असतो तो ईएमआयवर मिळतो की नाही ते आधी विचारा. लाँचच्या वेळी निवडक कार्डांवर तीन हजार होते. ते एकरकमीवर मिळत असतील आणि पैसे खात्यात पडून असतील तर हप्ते कशाला?

दांडियाबाजारचे काका:
हिशेबनीसांनी माझंच म्हणणं सांगितलं, फक्त जरा सुशिक्षित भाषेत. पैसे असतील तेवढ्याचा घ्या.

फतेहगंज हॉस्टेल:
काका, तसं केलं तर आम्ही हॉस्टेलवाल्यांनी दगडाने निरोप पाठवायचे 😄

मांजलपूरकर:
ठरवलं. ९ए, एकरकमी, या महिन्यातच. दिवाळीला दोन-चार हजार उतरतील हे मान्य, पण दुपारी दोनला बंद पडणारा फोन घेऊन पुढचे पाच-सहा महिने चार्जर शोधत फिरायला मी तयार नाही. बॅटरीच्या बटणावर खांच्यातल्या भाऊंचा मुद्दा पटला, तरी घेतोय. फोल्डरचा धोका आहेच, म्हणून आधी सर्व्हिस सेंटर गावात कुठे आहे ते शोधून फोन करतो आणि डिस्प्लेचा भाव विचारतो. तो पंधरा हजारांच्या वर निघाला तर मात्र परत इथे येईन.

खांच्यातला:
हे केलंत तर माझी तक्रार नाही. फोनवर भाव सांगायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा. सील समोर फोडायला लावा, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी जुळवा, आणि बिल जीएसटीचं पक्कं घ्या. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलेले रोज बघतो.

फतेहगंज हॉस्टेल:
सगळं मान्य, पण पन्नास हजारांच्या डब्यात चार्जर नाही याला कोणीच उत्तर दिलं नाही. १३आर!

गोरव्याची ताई:
घरात टाइप-सीचे तीन पडलेत, एक घेऊन जा.