एसएमटी एसटीला जोडली की बस येणार का?

सातरस्ता:
काल इथेच एकाने लिहिलं, 'सोलापूर महापालिकेला बस चालवता येत नाही. तिची एसएमटी, म्हणजे शहर बससेवा, एसटी महामंडळाला जोडा, नियोजन मुंबईतून होऊ दे.' डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कुंभारी घ्या. रे नगरच्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. गोदूताई विडी घरकुल ही विडी कामगार बायकांची वसाहत त्याआधीपासून तिथेच. गाव हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तयार विड्यांची टोपली घेऊन बाई शहरात येणार कशी? एसएमटीला हद्दीबाहेर जायचं तर परमिट प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देणार. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सचिव आरटीओ. अक्कलकोट रोडवर एसटी धावते, म्हणजे तिची हरकत आलीच. त्या बैठकीत महापालिका कोण? अर्जदार! रिक्षावाल्यासारखी फाईल घेऊन बाहेर बसायचं. आधीच सगळं वरून चाललंय, आणखी काय वर द्यायचं?

डेपोचा हिशेब:
भावना पोचल्या. आता आकडे. पीएम ई-बस या केंद्राच्या विजेवरच्या बसच्या योजनेत ९ मीटरच्या गाडीला केंद्र किमीमागे २२ रुपये देतं, १० वर्षं. ठेकेदाराचा दर ६० धरा, रोजचे २०० किमी. उरलेले ३८ रुपये गुणिले २०० म्हणजे ७,६०० रुपये, एका गाडीचे, एका दिवसाचे. सरासरी तिकीट १५ चं धरलं तर ५०७ तिकिटं फाडावी लागतात. गाडी रिकामी फिरली तरी किमीचे पैसे द्यावेच लागतात, करारच तसा असतो. पेमेंट सिक्युरिटीच्या योजनेत पैसे थकले की राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून परस्पर वळते होतात. ज्याच्या खिशातून जाणार तोच मार्ग ठरवणार. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या योजनेतून आलेल्या गाड्यांचं काय झालं, आठवतंय ना?

सातरस्ता:
चेसिसला तडे गेले त्यांच्या. चेसिस काय महापालिकेच्या परिवहन समितीने वेल्डिंग करून बनवली होती? आणि मार्च २०२२ ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, नंतर प्रशासक. तो कोण नेमतं? राज्यच. मग त्या काळाचं खापर कुणाच्या डोक्यावर?

होटगीरोड:
स्थानिकांच्या हातात असतं तर विमानांच्या वाटेतली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी अजून उभी असती. एवढंच बोलतो.

ऊसवाला:
आली चिमणी! १५ जून २०२३ ला पाडली, पहिलं विमान गोव्याला गेलं ९ जून २०२५ ला. चिमणीच आडवी होती ना? मग मधली दोन वर्षं काय आडवं होतं?

होटगीरोड:
धावपट्टीचं काम, परवाने. विमानतळ म्हणजे एसटी स्टँड नव्हे, मालक. आणि पाडली कुणी? महापालिकेने. बांधकाम परवानगीच्या मुद्द्यावर. कायदा स्थानिकच होता, तो वापरायला वर्षं घातली.

ऊसवाला:
आणि बोरामणीचा नवा विमानतळ? जमीन घेतली, मग माळढोक पक्षी आणि वनजमीन आठवली. तेही नियोजन राज्याच्याच कंपनीचं. त्यावर कधी बोलणार?

डेपोचा हिशेब:
विडी कामगार बाई विमानाने येणार आहे का? धागा बसचा आहे.

गड्डा_यात्रा:
एसटीवाल्यांना एकच विचारतो. नाशिकची शहर बस एसटीच चालवत होती. २०२१ पासून महापालिकेची कंपनी चालवते. ज्या धंद्यातून एसटी तिथे बाहेर पडली, तोच सोलापुरात तिच्या गळ्यात का बांधताय?

दुसरं, वेळापत्रक. मे महिन्यात एसी लावला की ई-बसची रेंज पडते. दुपारी १ ते ३ निम्म्या गाड्या प्लगला लावल्या नाहीत तर संध्याकाळच्या गर्दीत त्या वाटेतच बसणार. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज निघाले की होम मैदानाभोवतीचे मार्ग वळवावे लागतात. हे मुंबईच्या टेबलावर कळणार आहे का?

डेपोचा हिशेब:
नाशिकचा मुद्दा बरोबर आहे, जा, पेढे वाटा. पण तिथेही तोटा महापालिकेलाच भरावा लागतो. तुमची पाणीपट्टी भरून झाली का?

सातरस्ता:
भरली, पाणी तेवढं रोज येत नाही. बरं, पैशांची हमी राज्याची राहू दे, इथे माघार घेतो. पण प्राधिकरणाच्या बैठकीत महापालिकेला अर्जदाराची नाही, सदस्याची खुर्ची हवी. आणि शहराच्या हद्दीपासून १५ किमीपर्यंत एसएमटीला वेगळं परमिट नको.

डेपोचा हिशेब:
१५ किमी म्हटलं की तिऱ्हे, बाळे, मार्डी सगळी गावं उठतील. १२ म्हणा.

होटगीरोड:
बाळे हद्दीतच आहे हो. हिशेब तेवढे पक्के.