लेझरने काळा पडलेला गाल आणि ‘आरशाचे व्यसन’

खाडीकाठची (रत्नागिरी)

परवा ‘दर्यावर्दी’ यांनी येथे लिहिले की त्यांच्या भाचीचा चेहरा लेझरने काळवंडला, सबब किनाऱ्यावरच्या माणसांच्या कातडीला लेझर मानवतच नाही, आणि तरीही जे करून घेतात त्यांना आरशाचे व्यसन जडलेले आहे. भाचीबद्दल मला मनापासून वाईट वाटले. त्या शेवटच्या वाक्याने मात्र रात्रभर झोप लागू दिली नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी शाळेत शिकवते. सतराव्या वर्षी आलेल्या मुरुमांनी दोन्ही गालांवर खड्डे ठेवले आणि पुढे वीस वर्षे पाचवीतली नवी मुले दर जूनमध्ये विचारत राहिली की बाई, तुम्हाला देवी आल्या होत्या का. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी कोल्हापूरला जाऊन त्या खड्ड्यांवर फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे कातडीत बारीक भोके पाडणारा कार्बन डायऑक्साइड लेझर, करून घेतला. भुलीचे मलम लावून त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवून पाऊण तास बसवले होते आणि त्याच अवस्थेत, मलम पापणीपर्यंत ओघळलेले असताना, दोन पानी इंग्रजी कागदावर माझी सही घेतली. यंत्र चालू झाले तेव्हा गालावर तडतड आवाज आला आणि सोललेल्या कोंबडीची पिसे विस्तवावर जाळताना येतो तसा वास आला. तासाभराने मी दुपारच्या एसटीत डावीकडच्या खिडकीशी बसले. आंबा घाट उतरून साखरपा येईपर्यंत ऊन त्याच बाजूने येत होते आणि ओढणी गालाला लागली की आग होत असे, म्हणून ओढणीही मी बाजूला सारली होती.

तिसऱ्या दिवशी गालावर चहाच्या भुकटीसारखे ठिपके उमटले, सहाव्या दिवशी ते गळून पडले, खालची कातडी गुलाबी निघाली आणि शिक्षक-खोलीत माझे कौतुकही झाले. तीन आठवड्यांनी डावा गाल तव्यावर जरा जास्त राहिलेल्या घावनासारखा करपट दिसू लागला, उजवा त्या मानाने बराच कमी. ते डाग पाच महिने राहिले. पुढच्या दोन सिटिंगना त्यांनी यंत्राचा जोर कमी ठेवला, मी डोक्यावर छत्री आणि तोंडावर सनस्क्रीन घेतल्याशिवाय बाहेर पडले नाही, आणि आज उथळ खड्डे निम्म्याने भरलेले आहेत. टाचणीने टोचल्यासारखे खोल होते ते मात्र जिथल्या तिथे आहेत. एकूण खर्च २७,००० रुपये, एसटीचे भाडे वेगळे. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. माझ्यासारख्या सावळ्या कातडीवर असे डाग येऊ शकतात, ते कित्येक महिने राहतात, खोल खड्ड्यांना याचा फारसा उपयोग होत नाही आणि त्या दिवशी उन्हात बसायचे नाही, ही चार वाक्ये मलम लावण्यापूर्वी मराठीत सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

दर्यावर्दी (मालवण)

बाई, माझा पुरावा तुम्हीच लिहून दिलात, त्याबद्दल आभारी आहे. पाच महिने करपलेला गाल घेऊन वावरलात, तीनदा घाट ओलांडलात, खड्डे निम्मे शिल्लक राहिले, आणि इतके होऊनही दोष कोणाचा, तर एसटीच्या खिडकीचा! माझ्या भाचीच्या गालांवर वांग होता. लग्न ठरल्यावर ती मुंबईतल्या एका केंद्रात गेली, तिथे ‘लग्नापूर्वीचा खास पॅक’ असा फलक लावलेला होता. पहिल्या दोन सिटिंगनंतर चेहरा उजळला, तिसऱ्यानंतर वांग कपाळापर्यंत पसरला आणि साखरपुड्याच्या फोटोत तिच्या चेहऱ्यावर मेकअपचा इतका थर आहे की आजीने तिला ओळखले नाही. गोऱ्यांच्या कातडीसाठी बनवलेले यंत्र आमच्यावर चालवायचे आणि बिघडले की ‘तुम्ही उन्हात गेलात’ म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. आम्ही उन्हात जाणार नाही तर मासे काय सावलीत येऊन पडणार आहेत?

कातळवाट (गुहागर)

आरशाच्या व्यसनाबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. मी नऊ वर्षांचा असताना घासलेटचा स्टोव्ह भडकून माझी मान आणि हनुवटीखालचा भाग भाजला. व्रण इतका आवळलेला होता की पेला तोंडाला लावून वर बघत पाणी पिणे मला जमत नसे. एका सरकारी रुग्णालयात त्या व्रणावर याच सीओटू लेझरची सहा सिटिंग झाली. व्रण गेला नाही, जाणारही नाही, पण तो मऊ झाला आणि मान वळू लागली. दर्यावर्दी, मी आरसा दाढीपुरता बघतो. आपले वाक्य आपण मागे घ्यावे अशी अपेक्षा आहे.

बोरूबहाद्दर (चिपळूण)

‘गोऱ्यांचे यंत्र’ यावरून एक आठवले. कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ज्यांनी प्रथम चालवून दाखवला ते कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले.

दर्यावर्दी

शोधणारा बारामतीचा असला म्हणून यंत्र मालवणच्या चेहऱ्याला मानवते असे सिद्ध होत नाही. कातळवाट यांच्यापुरते माझे वाक्य मी मागे घेतो. भाजलेल्यांचा मी विचार केला नव्हता. बाकीच्यांच्या बाबतीत ते तसेच राहील.

त्वचेचा विद्यार्थी

मी त्वचारोगात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, त्यामुळे माझा पक्ष कोणता हे उघड आहे, तरी एक गोष्ट विचारतो. भाचीच्या बिलावर नेमके काय लिहिले आहे?

सीओटू लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि ती पाण्यात शोषली जाते, म्हणजे कातडीतले पाणी उकळून त्या जागेची वाफ होते. पूर्वी सबंध थर असा उडवत असत आणि रुग्ण दोन आठवडे घराबाहेर पडू शकत नसे. २००४ साली फ्रॅक्शनल पद्धत मांडली गेली. तीत बारीक भोकांची जाळी पाडतात आणि मधली कातडी शाबूत ठेवतात, त्या शाबूत भागातून जखम भरून येते आणि पुढचे काही महिने आत नवे कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारे प्रथिन, तयार होत राहते. हा किरण रंगद्रव्याला शोधत जात नाही, परंतु उष्णतेने जो दाह होतो त्यामुळे आपल्यासारख्या, म्हणजे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत कातडीचे सहा प्रकार पाडणाऱ्या फिट्झपॅट्रिक मोजणीत चौथ्या-पाचव्या प्रकारच्या, कातडीतल्या रंगपेशी चवताळतात आणि काळे डाग पडतात. खाडीकाठची यांचे डाग याच जातीचे होते. उन्हाने ते गडद झाले असतील, पण सावलीत बसूनही ते आले असते अशी शक्यता बरीच आहे, तेव्हा खिडकीवर सगळा दोष टाकू नये, हे दर्यावर्दींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. टाचणीसारख्या खोल खड्ड्यांसाठी त्या प्रत्येक खड्ड्यात तीव्र टीसीए आम्ल टेकवण्याची पद्धत आहे आणि खालून ओढल्या गेलेल्या खड्ड्यांसाठी सुईने आतले दोरे तोडतात. एकट्या लेझरवर हे सगळे सोपवणे ही मूळ चूक.

दर्यावर्दी

भाचीला फोन करून बिल मागवले. त्यावर ‘लेझर टोनिंग’ असे लिहिले आहे.

त्वचेचा विद्यार्थी

मग ते सीओटू नव्हेच. टोनिंगसाठी बहुधा १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड, म्हणजे अतिशय क्षणिक झटके देणारा, लेझर कमी जोरावर वापरतात. तो रंगद्रव्यावर काम करतो, त्याने कातडीचा थर निघत नाही. वांगात त्याने सुरुवातीला उजळ दिसते आणि थांबले की वांग परत येतो, काहींच्या बाबतीत आधीपेक्षा जास्त, हे आम्हाला शिकवले जाते आणि ते रुग्णाला आधी सांगायलाच हवे होते. मालवणच्या माणसाला पात म्हणजे छोटी होडी आणि ट्रॉलर यांतला फरक मी सांगायला नको. दोन्ही पाण्यावर चालतात म्हणून एकाच्या अपघातावरून दुसऱ्याला बंदी घालायची का? आणखी एक विचारतो, राग मानू नये: भाची आधी कोणते मलम लावत होती?

दर्यावर्दी

लावत होती. दोन वर्षे. शेजारच्या मेडिकलमधून आणलेले, चिठ्ठीशिवाय. त्याने ती छान उजळली होती, बंद केले की चेहरा लाल होऊन चुरचुरत असे, म्हणून बंद करत नव्हती. केंद्रात कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पण याचा लेझरशी काय संबंध ते मला अजून कळलेले नाही.

खाडीकाठची

संबंध नाही कसा? आमच्या शाळेत निदान चार जणी ती उजळवणारी ट्यूब पावडरसारखी रोज लावतात. तीत तीन औषधे असतात आणि त्यांतले एक स्टेरॉइड असते, हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हते. स्टेरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर लेझर मारायचा आणि मग लेझर वाईट म्हणायचे! खरा गुन्हेगार काउंटरच्या पलीकडे उभा आहे.

औषधवाला (खेड)

गुन्हेगार हा शब्द आपण विचार करून वापरला असावा असे गृहीत धरून उत्तर देतो. मी एकतीस वर्षे दुकान चालवतो. स्टेरॉइडची मलमे २०१८ साली शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही. मी चिठ्ठी मागतो तेव्हा गिऱ्हाईक रिकामी ट्यूब काउंटरवर आपटून समोरच्या दुकानात जाते, आणि जाताना ‘यांना फार माज आला’ हेही ऐकवते. ती पहिली ट्यूब बहुतेक वेळा कोण्या डॉक्टरनेच पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते; पंधरा दिवसांनी बंद करा हे त्याने सांगितले की नाही, ते त्यालाच विचारा. डोंगरातल्या वाडीवरची बाई गजकर्णासाठी येते, तिला स्किनच्या डॉक्टरकडे जायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. तिने काय करावे, हे पगारी शिक्षिकेने सांगावे.

खाडीकाठची

पगाराचा इथे काय संबंध? गजकर्णाला स्टेरॉइड लावल्याने ते पसरते, हे एकतीस वर्षांत आपल्याला ठाऊक झालेच असेल. मग तिला ते देऊन आपण तिची मजुरी वाचवली की पुढच्या सहा महिन्यांचे गिऱ्हाईक तयार केले?

औषधवाला

मी ते देतो असे कुठे लिहिले आहे ते दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या.

पारिजात (देवरुख)

दोघांनीही जरा थांबावे. ती ट्यूब मला माझ्या आईने आणून दिली होती. एकोणीस वर्षांची असताना एका स्थळाने ‘मुलगी उन्हातली दिसते’ असा निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी आई बाजारातून मेथीची जुडी, सुके बोंबील आणि ती ट्यूब घेऊन आली, तिन्ही एकाच पिशवीत. पुढे सहा वर्षे मी ती लावली. माझ्या गालावर आता बारीक लाल रेघा दिसतात आणि चुलीपुढे बसले की चेहरा पेटतो. दुकानदाराने आईला विकली हे खरे, पण आईला दुकानात कोणी पाठवले, याचे उत्तर मला या धाग्यात सापडले नाही. लेझरसाठी मीही विचारायला गेले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ट्यूब सोडायला लावली आणि म्हणाल्या की लेझरचा विषयही आत्ता काढायचा नाही. तपासणीचे पैसे घेऊन नकार दिला म्हणून तेव्हा मला राग आला होता.

औषधवाला

पारिजातताईंच्या बाबतीत माझ्या धंद्यातल्या माणसाची चूक आहे, हे मान्य करतो. शिक्षिकाबाईंचा शब्द मला अजून खटकतो.

खाडीकाठची

‘गुन्हेगार’ मागे घेते. ‘काउंटरच्या पलीकडे’ तेवढे राहू द्या.

बोरूबहाद्दर

त्या इंग्रजी कागदाकडे कोणीच वळले नाही. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला पुरेसे समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती ठरत नाही. भुलीचे मलम डोळ्यांपर्यंत आलेले असताना घेतलेली सही त्यात कुठे बसते, ते ज्याने त्याने पाहावे.

हापूसकर (पावस)

मी बागायतदार. लेझरमधले मला काही कळत नाही, पण डाग कळतात. आंबा काढताना देठ तुटला की चीक उडतो आणि जिथे पडेल तिथे कातडी भाजते. आमच्याकडे बागेत दोन गडी आहेत, सख्खे भाऊ, दोघेही झेला घेऊन एकाच झाडाखाली उभे असतात. थोरल्याच्या दंडावरचा चट्टा गणपतीपर्यंत पुसून जातो; धाकट्याच्या मानेवर गेल्या मे महिन्यातला चट्टा या मे महिन्यात अजून काळाच आहे आणि नवा त्याच्या शेजारी आला आहे. रंग दोघांचा सारखाच. लेझर करणाऱ्याने माणसाचे जुने चट्टे आधी बघावेत, असे मला वाटते.

त्वचेचा विद्यार्थी

हे आम्ही विचारतो, निदान विचारायला हवे: डास चावल्याचा किंवा भाजल्याचा डाग किती दिवस राहतो? रंगापेक्षा त्या उत्तरातून कधीकधी जास्त कळते. आंब्याच्या चिकाबद्दल मात्र मी आजवर एकाही रुग्णाला विचारलेले नाही, आता विचारेन. संशय असेल तर कानापुढे किंवा जबड्याच्या कडेला छोट्याशा जागेवर लेझर मारून महिना-दीड महिना वाट पाहावी, कारण डाग यायलाच तीनेक आठवडे लागतात. ओठांवर वारंवार पुरळ उठत असेल तर तेही आधी सांगावे. त्यासाठी गोळ्या सुरू करून मगच लेझर करतात.

दर्यावर्दी

माझ्या भाचीवर झाले ते दुसरेच यंत्र होते, हे मान्य. तिच्या मलमाची चौकशी मीही दोन वर्षांत केली नव्हती, हेही मान्य, आणि हे लिहिताना मला जो आनंद होत आहे तो आपण सर्वांनी वाटून घ्यावा. किनाऱ्यावरच्या माणसाने लेझरच्या नादी लागू नये, हे माझे मत तसूभरही बदललेले नाही. भाचीने मात्र आजच विचारले की मामा, मुरुमांचे खड्डे उरलेत त्यांना सीओटू चालेल का. तिला हा धागा पाठवला आहे आणि त्यातला फक्त हापूसकरांचा प्रतिसाद वाच, असे बजावले आहे. लहानपणी मांडीवर उडालेल्या चिकाचा तिचा चट्टा अजून गेलेला नाही.