मदत हवी आहे: शंखासारख्या इटालियन पेस्ट्रीचे पदर सुटत नाहीत, क्रीमही वाहून जातंय

इटुकली:
तीनदा केलं आणि तीनही वेळा वाट लागली. ती शंखासारखी पेस्ट्री असते ना, पदर पदर सुटलेले आणि आत गच्च क्रीम, ती घरी करतेय. रोल नीट झाला, चकत्या कापल्या, कोन केले, क्रीम भरलं, ओव्हनमध्ये टाकलं. वीस मिनिटांत सगळं क्रीम ट्रेमध्ये आणि पदर एकमेकांना चिकटून दगड. व्हिडिओत बघून जशीच्या तशी केलीय. शनिवारी सासूबाई येतायत आणि त्यांना ही खायचीच आहे. आज बुधवार. काय चुकतंय ते प्लीज लवकर सांगा.

पोळपाट_लाटणं:
अहो पण कुठली पेस्ट्री? स्फोल्यातेल्ला का? पीठ कुठलं, फॅट कुठलं, रोल फ्रिजमध्ये किती वेळ, ओव्हन किती डिग्री? आणि राहता कुठे, पुण्याच्या मे महिन्यात करताय की थंडीत, त्यावरही बरंच असतं.

इटुकली:
इटलीत, तोरिनोत राहते. पीठ मानितोबा (चिवट, चांगला ताणला जाणारा मैदा), इथे सगळे तेच सांगतात. ओव्हन २००. रोल तासभर होता फ्रिजमध्ये.

माहेरचे_चिरोटे:
अगं हे आपले चिरोटेच! तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा कर, पोळीवर लाव, गुंडाळी कर, काप. माझ्या आईचे चिरोटे फुलासारखे उमलायचे. साट्याशिवाय पदर सुटतच नाहीत, लिहून ठेव.

पोळपाट_लाटणं:
चिरोटे तळतात हो, कढईतलं तूप पदरांत शिरतं म्हणून ते उमलतात. ही भाजायची आहे. शिवाय चिरोट्याला तीन-चार पोळ्या एकावर एक ठेवतो, इथे एकच लांबलचक पट्टी, पास्ता मशीनमधून काढून वर हाताने ताणतात, इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. साट्यात पिठी असते, ती मध्ये बसली की कोन करताना पदर एकमेकांवरून सरकणार नाहीत, तुटतील.

माहेरचे_चिरोटे:
भाजलेले चिरोटेही होतात, मी करते. करून न बघता का बोलावं?

दर्यावर्दी:
स्फोल्यातेल्ला वाचलं आणि राहवलं नाही. मर्चंट नेव्हीत होतो, नेपल्सला बोट लागली की व्हिया तोलेदोवर पिंताउरोच्या दुकानात जायचंच. फार जुनी जागा. मूळ मात्र नेपल्सचं नाही, आमाल्फीच्या किनाऱ्यावर कोंका देई मारिनीला सान्ता रोझाचा मठ होता, तिथल्या जोगिणींचं हे १७व्या शतकातलं. रिच्चा म्हणजे पदरवाली, फ्रोल्ला म्हणजे खुसखुशीत पारीची, गुळगुळीत. गरमच खायची, वर पिठीसाखर. आत रवा, रिकोटा, दालचिनी आणि संत्र्याच्या सालीचा मुरांबा. चव घेतली की आपला सांजा आठवतो. पण ताई, तुम्ही क्रीम म्हणताय, रिच्चात असं पांढरं क्रीम नसतं. नक्की काय खाल्लं होतं?

इटुकली:
पांढरं फेटलेलं क्रीम होतं, भरपूर. आणि आकाराने मोठी, लांबट. दुकानात पाटीवर आरागोस्ता लिहिलं होतं.

दर्यावर्दी:
मग गाठ सुटली. ही कोदा द'आरागोस्ता, म्हणजे लॉबस्टरचं शेपूट. पीठ रिच्चाचंच, पण क्रीम भाजल्यावर भरायचं. फेटलेलं क्रीम २०० डिग्रीत टिकणार कसं? भाजताना कोनात एक्लेअरचं चू पीठ भरतात (पाणी, बटर, मैदा शिजवून त्यात अंडी), ते वाफेने फुगतं, पदरांना आतून बाहेर ढकलतं, म्हणून ती लांब होते आणि आत पोकळी राहते. गार झाली की त्या पोकळीत क्रीम. अंडं चालतं ना सासूबाईंना?

टिरा_मिसू_प्रेमी:
एवढा खटाटोप कशाला, शनिवारसाठी तिरामिसू करा. मास्कार्पोने, कॉफी, सावोयार्दी बिस्किटं, ओव्हनच नको.

इटुकली:
तिरामिसू त्यांनी खाल्लंय. हेच हवंय. अंडं चालतं. पण पदरांचं काय? ते तर क्रीम नव्हतं तिथेही चिकटलेत.

पोळपाट_लाटणं:
फॅट कुठलं, दुसऱ्यांदा विचारतेय.

इटुकली:
बटर. व्हिडिओत स्त्रुत्तो होतं, ती डुकराची चरबी, ती आमच्या घरात येणार नाही. बटर मऊ करून लावलं, तेच काम करणार ना?

पोळपाट_लाटणं:
नाही, आणि हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. ते पाणी पातळ पिठात मुरलं की पदर एकमेकांना चिकटतात. चरबीत पाणी नसतं. तेव्हा बटर घरी कढवतो तसं कढवा, गाळा, गोठू द्या आणि थिजलेलं तूप हाताने फेसून लावा. वितळलेलं अजिबात नको, ते पिठात झिरपतं. आणि एक तासाने काय होतंय, रोल रात्रभर फ्रिजमध्ये पाहिजे.

माहेरचे_चिरोटे:
म्हणजे तूपच ना शेवटी! मी काय वेगळं सांगत होते?

पोळपाट_लाटणं:
तूप बरोबर, पिठी नको. तुमचं निम्मं मान्य.

खवय्या_नाशिक:
अवांतर: रिकोटा म्हणजे आपलं पनीरच का? नाशिकला मिळत नाही.

दर्यावर्दी:
पनीर दूध फाडून. रिकोटा चीजमधून निथळलेलं पाणी पुन्हा तापवून, नावाचा अर्थच पुन्हा शिजवलेलं. मऊ ताजं पनीर मळून घेतलंत तर भागेल.

माहेरचे_चिरोटे:
चक्का जास्त जवळ जातो.

पोळपाट_लाटणं:
चक्का आंबट असतो. धागा भरकटतोय. इटुकली, पाणी कमी ठेवा, ५०० ग्रॅम पिठाला २०० ग्रॅमच्या आसपास, १० ग्रॅम मीठ, चमचाभर मध. घट्ट वाटेल, तसंच हवं, तासभर झाकून ठेवलं की मऊ येतं. रोल घट्ट गुंडाळा, आत हवा राहिली की तिथे फाटतो. चकत्या एक सेंटिमीटर. बोटांना तूप लावून मधोमध दाबत बाहेरच्या बाजूला सरकवत जा, चिमटायचं नाही, एकेक पदर दुसऱ्यावरून घसरला पाहिजे. इथे घाई केली की संपलं.

इटुकली:
शुक्रवार, रात्रीचे अकरा. आठ केल्या, पाच उघडल्या!!! पदर खरंच वेगळे झाले, मी एकेक मोजत बसले होते. उरलेल्या तिघींत चू पीठ जास्त झालं, तोंडातून बाहेर आलं. क्रीम उद्या जेवणं झाल्यावर भरते. अजून अर्धा रोल आहे, त्याचं काय करू?

पोळपाट_लाटणं:
क्रीम अगदी वाढताना, आधी भरलंत तर पदर मऊ पडतील. चू पीठ निम्म्यालाच थांबवा, ते दुप्पट फुगतं. अर्ध्या रोलच्या चकत्या कापूनच फ्रीजरमध्ये ठेवा, मध्ये कागद घाला, अख्खा ठेवलात तर दगड होतो आणि कापता येत नाही. आणि पाचांचा फोटो टाका.