घरातल्या स्पीकरमध्ये ताईचं बोलणं सापडलं, काय करू?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन वर्षं झाली, आवाजावर चालणारा स्पीकर आहे, भावाने पुण्याहून आणलेला, कंपनीचं नाव लिहीत नाही. आईला डोळ्यांनी कमी दिसतं, फोन जमत नाही, त्यामुळे ती त्यालाच सांगून अभंग लावते, गोळ्यांची आठवण लावून घेते, वेळ विचारते. लई आधार आहे तिला.

परवा गोळीची वेळ बदलायला अॅप उघडलं तर आत जुनी रेकॉर्डिंग दिसली, तारीखवार. सहज एक दाबलं. आधी खलबत्त्याचा आवाज, आई शेंगाची चटणी कुटत होती, आणि मधेच आत्याला सांगतेय, "तिने सही केली गं कागदावर, पोरीला अजून सांगितलं नाही." ताईच्या घटस्फोटाचं. दहा-बारा सेकंद, मग बंद. आईने स्पीकरला हाक मारलेलीच नव्हती, कुठलातरी शब्द त्याला आपल्या नावासारखा वाटला असणार. अशा अजून सात निघाल्या, एकात बाबा सुताच्या उधारीबद्दल कुणाशीतरी फोनवर बोलतायत.

ताईला सांगितलं तर एवढंच म्हणाली, "कुणी ऐकलं असेल का रे?" तेव्हापास्नं ती हॉलमध्ये बसत नाही, फोन आला की गच्चीवर जाते. स्पीकर आम्ही आणला, 'मान्य आहे' आम्ही दाबलं, तिला कुणी विचारलं होतं का? खरंच माणसं ऐकतात का हे? आणि काढून टाकला तर आईचं काय?

होटगीरोड
भाऊ, काही रेकॉर्डिंग माणसं ऐकतात, हे खरंय. तो डबा सतत कान देऊन असतो पण फक्त स्वतःच्या नावासाठी, तेवढं काम आतल्या आतच होतं, नाव ऐकू आलं वाटलं की दिवा लागतो आणि पुढचा आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. चुकून दिवा लागला तरी तसाच जातो. २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की अॅमेझॉनचे कर्मचारी अलेक्साची काही रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढतात, सुधारणेसाठी म्हणे. त्याच जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी या सरकारी प्रसारण संस्थेच्या हाती गूगलच्या हजारावर क्लिप लागल्या, त्यातल्या १५३ मध्ये कुणी हाक मारलेलीच नव्हती, अगदी तुमच्या आईसारखं. गूगलचं म्हणणं होतं की ०.२ टक्केच क्लिप माणसांकडे जातात. अॅपलचंही सिरीबाबत तेच निघालं, त्यांनी ते थांबवलं आणि माफी मागितली. म्हणजे ताईची क्लिप ऐकली गेल्याची शक्यता कमीच, पण शून्य आहे असं तिला सांगू नका.

आज करायचं ते हे: प्रायव्हसीत जाऊन सगळी जुनी रेकॉर्डिंग डिलीट करा, पुढची सेव्ह करू नका असं लावा, आणि 'सेवा सुधारण्यासाठी आवाज वापरा' वगैरे जे असेल ते बंद करा, ते वेगळं बटण असतं, लोक तेच विसरतात.

अशोकचौक_काकू
बाळा काढू नकोस. माझ्या सासूबाई पण असंच त्याच्याशी बोलतात, दुपारी घरात कुणी नसतं, त्यांना तेवढंच. आम्ही जागा बदलली. हॉलमधनं काढून त्यांच्या पलंगाजवळ ठेवला, कारण घरातलं सगळं खरं बोलणं हॉल नाहीतर स्वयंपाकघरातच होतं की, नळाला पाणी आलं म्हणून ओरडण्यापासनं पोरीच्या स्थळापर्यंत. वर माईक बंद करायचं बटण असतं, पाहुणे आले की दाबतो, लाल दिवा लागतो. आधी ताईला विचार मात्र, जे करशील ते तिच्यापुढं कर.

नवीपेठ_वकीलीण
भाचीचाही विचार करा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, अॅमेझॉनवर आरोप ठेवला की मुलांची अलेक्सा रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं ठेवली आणि आईबापांनी पुसायला सांगूनही सगळं पुसलं नाही, २.५ कोटी डॉलर दंडावर ते मिटलं. त्यामुळे डिलीट दाबलं की विषय संपला असं धरू नका, आठवड्याने परत उघडून बघा. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलंय, २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहे, आणि त्यात १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. पण घरातल्या घरात एकमेकांना विचारणं कुठलाच कायदा करून देत नाही, ते तुमचं तुम्हीच करायचं. ताईने "कुणी ऐकलं असेल का" विचारलं ना, त्यात तिला किती लागलंय ते बघा.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री ताईच्या हातात फोन दिला, तिने आठही क्लिप आधी ऐकल्या, मग स्वतःच डिलीट केल्या. शेवटची, चटणीवाली, तिने दोनदा ऐकली, आईचा आवाज किती थकलाय म्हणाली. स्पीकर आईच्या खोलीत नेला, माईकच्या बटणावर जाड कापडाची पट्टी चिकटवली, म्हणजे आईला हाताने कळतं. बाबा आता सुताचं बोलायला कारखान्यातच जातात.

वकिलाचा फोन मात्र ताई अजून गच्चीवरच घेते.