शब्दचर्चा : अवलंबित्व गुणोत्तर
(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या नागपुरातल्या वस्तीवरून.)

धरमपेठ
लोकसंख्येच्या वयरचनेवरच्या एका अहवालाचं मराठी करायचं आहे. भारताचा कल आणि त्यासोबत विदर्भातल्या जिल्ह्यांची तुलना, असा विषय. मसुद्यात 'डिपेन्डन्सी रेशो' (कामाच्या वयातल्या लोकांमागे मुलं आणि वृद्ध किती) या एकाच कल्पनेला चार नावं आली आहेत : 'अवलंबित्व गुणोत्तर', 'अवलंबित प्रमाण', 'परावलंबन दर' आणि 'आश्रितांचे प्रमाण'. वाचणारे ग्रामसेवक, शिक्षक आणि वार्ताहर. कोणतं ठेवावं? शिवाय १५ ते ५९ वयाच्या गटाला 'कमावते' म्हटलंय, ते चालेल का?

खामला
'कमावते' आधी काढा. सगळा घोटाळा त्या शब्दात आहे.

हे गुणोत्तर फक्त वय मोजतं. ० ते १४ वयाची मुलं अधिक ६० आणि त्यावरच्या वयाचे लोक, त्याला १५ ते ५९ वयाच्या लोकसंख्येने भागायचं आणि १०० ने गुणायचं. कोण कामावर जातं, कोणाच्या हाती पैसा येतो, याची एकही नोंद या गणितात नाही. २०११ च्या जनगणनेत सीमांतिक (वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेले) धरून सगळे काम करणारे एकूण लोकसंख्येच्या ३९.८ टक्के होते, स्त्रियांमध्ये २५.५ टक्के. म्हणजे १५ ते ५९ मधल्या कोट्यवधी बाया जनगणनेच्या हिशेबात 'काम न करणाऱ्या' आहेत आणि तरी या गुणोत्तराच्या छेदात बसतात. उलट साठी ओलांडलेली, कापूस वेचायला जाणारी बाई अंशात जाते. 'कमावते' लिहिलं की वाचणारा ते खरं धरतो.

पाठ्यपुस्तकांत 'कार्यक्षम वयोगट' लिहितात. बोलण्यात 'कार्यक्षम' म्हणजे काम चोख करणारा, म्हणून मला तोही खटकतो. 'कामाच्या वयातले' लिहा. ग्रामसेवकालाही कळतं आणि खोटंही होत नाही.

महाल
व्याकरणाच्या अंगाने चारही नावं बघू.

'अवलंबित' टाळा. सरकारी अर्जात 'अवलंबित' असा रकाना असतो म्हणून तो कानाला बसलाय, पण 'अवलंबणे' म्हणजे स्वीकारणेही होतं. 'अवलंबलेला मार्ग' म्हणतो ना आपण? दुसऱ्यावर टेकणारा तो 'अवलंबी'. 'स्वावलंबी', 'परावलंबी' याच घडणीचे. अवलंबी असण्याची स्थिती ते 'अवलंबित्व', म्हणजे शब्द बरोबर आहे. फक्त लिहिताना एकच त. 'महत्त्व', 'तत्त्व', 'व्यक्तिमत्त्व' यांत त दोनदा येतो, कारण मूळ शब्दातच त् आहे. 'अवलंबित्व' हा 'स्वामित्व', 'नेतृत्व' यांच्या रांगेतला. छापील मजकुरातही 'अवलंबित्त्व' सर्रास दिसतं, तेवढं तपासा.

'परावलंबन'मध्ये दोष दाखवण्याचा सूर आहे. आठ वर्षांच्या पोराला परावलंबी म्हणून काय साधणार? 'आश्रित'मध्ये उपकाराचा वास येतो. ज्याने चाळीस वर्षं शेती केली त्या बापाला आश्रित म्हणू नये. जुन्या मराठीत 'पोष्यवर्ग' हा नेमका शब्द होता, ज्यांना पोसायचं ते. छान आहे, पण आज तो समजावून सांगावा लागेल. आणि 'खाणारी तोंडं' हे बोलण्यात ठीक, तक्त्यात नको.

खामला
महालकरांशी सहमत. एक जोड हवी : पुढे 'वय' लावा. 'वयाधारित अवलंबित्व गुणोत्तर'. पहिल्यांदा पूर्ण लिहा, मग नुसतं 'अवलंबित्व गुणोत्तर' चालेल. काम करणारे आणि न करणारे यांची तुलना केली की ते 'आर्थिक अवलंबित्व' होतं आणि त्याचा आकडा फार वेगळा येतो. दोन्ही एका नावाने गेली तर तुलना कोसळते.

सदर
'दर', 'प्रमाण', 'गुणोत्तर' यांत खरंच एवढा फरक पडतो का? बातमीत 'प्रमाण' सोपं वाटतं.

खामला
पडतो, आणि बातमीतच सगळ्यात जास्त. २०११ च्या जनगणनेवरून भारताचं गुणोत्तर ६५.२ येतं : मुलांचं ५१.०, ज्येष्ठांचं १४.२. याची बातमी 'देशातले ६५ टक्के लोक इतरांवर अवलंबून' अशी झाली तर ती साफ चूक. ६५.२ आहे कामाच्या वयातल्या १०० जणांमागे. एकूण माणसं झाली १६५.२, आणि ६५.२ ला १६५.२ ने भागलं की ३९.५ टक्के. हा ३९.५ म्हणजे लोकसंख्येतला 'वाटा'. शाळेत 'गुणोत्तर व प्रमाण' एकाच धड्यात शिकलो म्हणून दोन्ही एक वाटतात. इथे 'गुणोत्तर'च ठेवा आणि आकड्यासोबत दर वेळी 'शंभरामागे' लिहा. 'दर' म्हटलं की ठरावीक काळात घडलेल्या घटना डोळ्यापुढे येतात, जन्मदर-मृत्युदरासारख्या. इथे एका दिवसाची मोजदाद आहे.

काही तक्ते हजारामागे देतात. तिथे हाच आकडा ६५२ असतो. दोन तक्ते शेजारी ठेवण्याआधी ते बघा.

धरमपेठ
आमच्याकडे जागतिक बँकेचा आकडा भारतासाठी बराच कमी दिसतो. चूक कुठली?

खामला
चूक नाही, वयाची सीमा वेगळी. तिथे कामाचं वय १५ ते ६४ धरतात. आपल्याकडे १९९९ चं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आणि २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा, दोन्हीकडे साठ.

हजार वस्तीचं एक गाव कल्पा. ० ते १४ चे २६०, १५ ते ५९ चे ६२०, ६० ते ६४ चे ४०, ६५ आणि वरचे ८०. साठची सीमा धरली तर ३८० भागिले ६२०, म्हणजे ६१.३. पासष्टची धरली तर ३४० भागिले ६६०, म्हणजे ५१.५. माणसं तीच, आणि फरक जवळपास दहाचा. कारण ते ४० जण अंशातून निघतात आणि छेदात जाऊन बसतात, दोन्हीकडून आकडा खाली ओढतात. म्हणून तक्त्याच्या मथळ्यातच सीमा लिहा. तळटीप कोणी वाचत नाही.

सक्करदरा
जिल्ह्याचा आकडा स्वतः काढायचा तर जनगणनेचा सी-१४ तक्ता घ्या, पाच-पाच वर्षांचे गट त्यात मिळतात. तिथे 'वय न सांगितलेले' अशी एक ओळ असते. २०११ ला देशभरात असे सुमारे ४५ लाख लोक होते. ती ओळ अंशातही नको, छेदातही नको. एकूण लोकसंख्येतून मुलं आणि म्हातारे वजा करून उरलेले कामाच्या वयातले धरले, तर हे सगळे छेदात घुसतात आणि गुणोत्तर खोटंच कमी दिसतं. छेद नेहमी बेरजेने काढा, वजाबाकीने नाही.

दुसरी गडबड वयाच्या सांगण्यात. लोक वय ० किंवा ५ वर सांगतात : पन्नास, पंचावन्न, साठ. नेमकी आपली सीमा साठवर. अठ्ठावन्नचा माणूस 'साठ' म्हणाला की तो कामाच्या वयातून ज्येष्ठांत जातो. अशा गोल वयांवर किती गर्दी झालीय ते एकेरी वयाच्या सी-१३ तक्त्यावरून कळतं. २३ ते ६२ वयात ० आणि ५ ने संपणाऱ्या वयांची बेरीज करा, ५ ने गुणा, त्या पट्ट्याच्या एकूण संख्येने भागा, १०० ने गुणा. १०० आलं तर वयं सरळ सांगितली आहेत. ५०० म्हणजे सगळीच गोल. याला व्हिपलचा निर्देशांक म्हणतात. शाळेच्या दाखल्यांवर तरी किती विसंबणार? मास्तरांनी १ जून घातलेले आपल्या पिढ्यान् पिढ्या आहेत.

नागपूर शहर आणि आजूबाजूचे तालुके यांची तुलना करताना स्थलांतर लक्षात ठेवा. शिकायला, कामाला आलेली तरणी पोरं शहराच्या छेदात मोजली जातात, त्यांचे आई-बाप गावाच्या अंशात. गावाचं गुणोत्तर चढतं, पण घर त्याच पोराच्या पैशावर चालू असतं.

महाल
कलाबद्दल लिहिताना 'अवलंबित्व घटले' एवढंच क्रियापद पुरत नाही. दोन शब्द वेगळे ठेवा : 'बाल अवलंबित्व' आणि 'वृद्ध अवलंबित्व'. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार एका स्त्रीमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये ३.४ होती, २०१९-२१ मध्ये २.० झाली; महाराष्ट्रात १.७. त्यामुळे पहिलं झपाट्याने उतरतंय. दुसरं १९६१ मध्ये १०.९ होतं, २०११ मध्ये १४.२. बेरीज उतरते म्हणून सरकारने खर्चाचं ओझं उतरलं समजू नये. अंगणवाडी आणि शाळेचा खर्च वेगळा, मोतीबिंदू, मधुमेह, निवृत्तिवेतन यांचा वेगळा, आणि एकाचा पैसा आपोआप दुसरीकडे वळत नाही.

सदर
२०३१ साठी वृद्ध अवलंबित्वाचा २०.१ असा आकडा दिसतो. बातमीत कसा लिहू?

सक्करदरा
'कामाच्या वयातल्या (१५ ते ५९) शंभर जणांमागे ६० आणि त्यावरचे सुमारे २० जण असतील, असा अंदाज.' 'असतील' पुढचा 'अंदाज' गाळू नका, कारण हे २०११ च्या पायावरचं प्रक्षेपण, म्हणजे पुढच्या काळाचा हिशेब आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. ती वयं हाती आली की पायाच बदलेल. उलटं लिहायचं असेल तर १०० ला गुणोत्तराने भागा : २०११ ला एका ज्येष्ठामागे कामाच्या वयातले सात, २०३१ ला पाच. तिथेही 'सांभाळणारे' लिहू नका, 'कामाच्या वयातले'च लिहा.