मदत हवी आहे: स्वीडनमधल्या नव्या बँडची रेकॉर्ड थेट बँडकडूनच कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा पुण्याचा. कंपनीच्या कामासाठी सध्या गोथेनबर्गला आहे, मुक्काम वर्षाच्या आतलाच. स्वीडनमध्ये बरीच वर्षं राहिलेले काही जण इथे लिहितात, शिवाय रेकॉर्ड जमवणारेही आहेत. म्हणून दोघांनाही विचारतोय.

निमित्त आहे स्टॉकहोमचा गर्ल स्काउट हा बँड. चौघं जण, गायिका एमा यानसन. स्टॉकहोमच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये जॅझ शिकता शिकता यांची गाठ पडली आणि वाजवायला लागले ते सरळ गिटारवाला रॉक, नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन बँडांच्या वळणाचा. पहिलं गाणं 2022 मध्ये आलं. 2023 मध्ये ‘रिअल लाइफ ह्यूमन गार्बेज’ आणि ‘ग्रॅनी म्युझिक’ अशा दोन ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड), 2024 मध्ये ‘हेडेक’. मला यांचं विशेष आवडतं ते हे, की जॅझची तालीम असूनही ती कुठे मिरवत नाहीत. कडव्यात गिटार अगदी मोजकी, आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, आणि धृपदाला सगळे एकदम तुटून पडतात. नीट कान देऊन ऐकलं की स्वरमेळ हलकेच अनपेक्षित ठिकाणी सरकलेला जाणवतो. तिथे शिक्षण दिसतं. इतकं येत असताना इतकं कमी वाजवणं सोपं नाही.

पुढचं जे काही येईल ते मला विकत घ्यायचंय, आणि पैसे शक्य तितके त्यांच्याच हातात पडावेत अशी इच्छा आहे.

आता अडचण सांगतो. मागच्या महिन्यात इथल्या एका लहान क्लबमध्ये दुसऱ्याच एका नव्या स्थानिक बँडला ऐकायला गेलो होतो. कार्यक्रम फार सुंदर झाला. दारात कानात घालायला बोळे ठेवलेले होते, ते घेतले म्हणून बरं, कारण मी स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभा होतो. संपल्यावर मागच्या टेबलावर बँडची बासवादक स्वतः रेकॉर्ड आणि टी-शर्ट विकत होती. टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर जाड मार्करने स्विशचा नंबर. कार्डाचं मशीन नाही, आणि सुट्टे नसल्यामुळे नोटाही नकोत. स्विश म्हणजे आपल्या यूपीआयसारखंच, पण त्याला स्वीडिश बँकेतलं खातं आणि मोबाइलवरचं बँकआयडी (ओळख पटवणारं अ‍ॅप) लागतं. ते मिळायला बहुतेक ठिकाणी पर्सननुम्मर (इथला ओळख क्रमांक) मागतात आणि तो वर्षभर किंवा जास्त राहणाऱ्यालाच मिळतो. माझ्यापुढच्या मुलाने खिशातून फोन काढला आणि दहा सेकंदांत रेकॉर्ड घेऊन गेला. मी पाकीट हातात धरून तसाच परतलो.

तर माझे प्रश्न.

पर्सननुम्मर नसलेल्या माणसाने अशा टेबलावर पैसे कसे द्यावेत? रांगेतल्या कुणाला रोख देऊन त्याच्या फोनवरून भरायला सांगणं इथल्या रीतीत बसतं का? मला अनोळखी माणसाला असं विचारायला संकोच वाटतो, आणि समोरच्यालाही अवघडल्यासारखं होईल असं वाटतं. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का?

दुसरं, बँडकँपवरून (बँड आपलं संगीत स्वतः विकतात ती वेबसाइट) घेतलं तर? माझ्या माहितीप्रमाणे ते डिजिटल विक्रीवर 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के कापतात, पैसे भरण्याचं शुल्क वजा जाता बाकी बँडला किंवा लेबलला (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला) जातं. काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटाही सोडतात. पण बँड लेबलवर असेल तर त्यातलं नेमकं किती बँडपर्यंत पोचतं? कुणी स्वतः बँडमध्ये असेल तर त्यांचा अनुभव फार उपयोगी पडेल.

तिसरा प्रश्न रेकॉर्ड घरी नेण्याचा. एलपी हातातल्या बॅगेत ठेवावी की सामानात? दोन टी-शर्टांच्या मध्ये ठेवून नेलेली कुणाची वाकली आहे का? आणि पुण्यात उतरल्यावर उन्हाळ्यात कपाटात कशी ठेवता?

स्टिगबेर्गस्टॉर्गेटजवळचं बेंगान्स हे रेकॉर्डचं दुकान मला ठाऊक आहे, आठवड्यातून एक फेरी होतेच. तिथे कार्ड चालतं आणि दुकानही जगलं पाहिजे हे खरंच. पण दुकानातून घेतलेल्या रेकॉर्डमध्ये दुकान, वितरक, लेबल असे वाटेकरी असतात. टेबलावरची विक्री म्हणजे त्या रात्रीचं गाडीचं पेट्रोल आणि जेवण, असं त्या बासवादक मुलीनेच सांगितलं.

हे एवढं मनाला लागण्याचं आणखी एक कारण. इथे गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा आहेत, आणि स्टुडिएफरबुंड नावाच्या लोकशिक्षण संस्था नवख्या बँडांना सरावाच्या खोल्या स्वस्तात किंवा फुकट देतात. ड्रम, अँप्लिफायर सगळं तिथेच, मुलांनी फक्त गिटार घेऊन जायचं. एवढ्याशा देशातून इतके बँड येतात त्यामागे ही व्यवस्था आहे असं माझं मत. 2024 पासून सरकारने या संस्थांचं अनुदान कापायला सुरुवात केली आहे. खोल्या कमी झाल्या की पहिला फटका अजून नाव न झालेल्यांना बसणार.

भर (प्रतिसाद वाचून): सर्वांचे आभार. दोघांनी लिहिलंय की स्पॉटिफायवर रोज ऐक, तीही मदतच. ऐकतोच. पण तिथे ठरावीक दर नसतो, जमलेल्या पैशाची एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटणी होते. शिवाय 2024 पासून, ज्या गाण्याचे बारा महिन्यांत हजारही स्ट्रीम होत नाहीत त्याला काहीच मिळत नाही. गर्ल स्काउटने तो टप्पा केव्हाच ओलांडलाय, त्यांची चिंता नाही. पण त्या रात्री ऐकलेल्या बँडचं तसं नाही, आणि त्यांची रेकॉर्ड तर मला हवीच आहे.

कार्यक्रमाआधी बँडला निरोप पाठवून कार्डाने किंवा पेपालने पैसे घ्याल का असं विचारावं, ही सूचना पटली. आज इंग्रजीतून लिहून पाठवतो, काय उत्तर येतं ते इथे कळवेन. एलपीच्या प्रश्नावर मात्र अजून कुणीच बोललेलं नाही, तिकडेही बघा. आणि गोथेनबर्गमध्ये पुस्तेर्विक, ओसेआनेन किंवा मूसिकेन्स हूसला कार्यक्रमांना जाणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुढच्या वेळी बरोबर जाऊ.